भुईला न टेकलेलं पाणी

"पाय भुईला टेकव, तांब्या टेकवू नको," असं म्हणून आईनं तांब्या निमाईच्या मांडीवर ठेवला.

निमाई म्हणजे आमच्या समोरच्या बाकावरचा बंगाली माणूस. पुण्यात सोन्याचे दागिने घडवायचा आणि वर्षाकाठी एकदा गावी जायचा. आदल्या संध्याकाळी पुण्याला गाडीत बसलो तेव्हा तो आमचा कुणी नव्हता. सकाळी अकोला मागं पडलं तोवर तो आईचा लेक होऊन बसला होता.

"दिदिमा, तू झोप," तो त्याच्या मराठीत म्हणाला. दिदिमा म्हणजे त्यांच्याकडं आजी. "मी हलणार नाय."

"तू न्हाय हालायचा, पन गाडी हालतीया तिचं काय? फडकं दाबून धर वरनं."

तांब्याच्या तोंडावर आईनं फडकं बांधून सुतळीचे वेढे दिले होते. आत येरळेचं पाणी होतं. येरळा ही आमची माणदेशाकडची नदी. तिला नदी म्हणायचं ते पात्र आहे म्हणून. वर्षातला बराच काळ तिच्यात वाळूच असते. वाळूत हातभर खड्डा केला, त्याला आम्ही झिरा म्हणतो, की तळाशी पाणी पाझरतं. ते निवळेपर्यंत बसायचं आणि करवंटीनं भरायचं.

हे पाणी माझ्या मावशीनं मागितलं होतं. केराबाई तिचं नाव. ती कलकत्त्यात अंथरुणाला खिळली होती. तिचा मुलगा सर्जेराव तिथं गलाईचं दुकान चालवायचा. सोनारांच्या दुकानातली झाडलोट आणायची, जाळायची, धुवायची, मुशीत घालून तिच्यातलं सोनं वेगळं काढायचं, हा आमच्याकडच्या माणसांचा धंदा. त्यापायी आमची गावंच्या गावं देशभर पांगली आहेत. मीही उमेदीची वर्षं तमिळ मुलखात सेलमला हेच केलं. सर्जेरावाचा फोन आला, आई अन्न घेत नाही, उपचार संपले, आणि ती एकच धोसरा लावून बसलीय. येरळेच्या झिऱ्याचं पाणी पाहिजे, ते प्यायल्याबिगर जाणार नाही म्हणते.

"आगं, तिच्या दारात गंगा हाय," मी आईला म्हणालो होतो.

"गंगा समद्या जगाची. ती काय केराला वळखती?"

आई सत्तरी कधीच ओलांडून गेलेली. तरी ती पहाटे उठून नदीत गेली, वाळूत बसली, स्वतःच्या हातानं झिरा पाडला आणि तांब्या भरून आली. तांब्या तिनं घरात आणला तो कडेवर. मी म्हटलं, ठेव खाली, चहा घे. तेव्हा तिनं सांगितलं. मरणाऱ्या माणसासाठी पाणी एकदा भरलं, की त्याच्या ओठाला लागेपर्यंत ते भुईला टेकवायचं नसतं. टेकलं तर ते भुईचं झालं, मग माणसाला उपयोगी पडत नाही. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण आमच्याकडं सगळ्या बाया हे मानायच्या आणि आई तर फारच मानायची.

एसटीत ती तांब्या मांडीवर घेऊन बसली. पुण्याच्या स्टेशनवर मी धरला, ती मोरीला जाऊन आली. मग तिनं धरला, मी जाऊन आलो. गाडीत मात्र चमत्कारच झाला. पलीकडच्या खिडकीशी साकोलीच्या कापगते बाई होत्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, तोंडाच्या फटकळ. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "काय जी, असं लेकरावानी काय धरून बसले?" आईनं सांगितलं. सगळं सांगितलं, केरामावशीच्या लग्नापासून. संपलं तेव्हा आमच्या खणातच नव्हे, शेजारच्या खणातही माहीत झालं, की या तांब्यात काय आहे, ते कुणासाठी आहे आणि ते भुईला टेकवायचं नाही.

त्यानंतर तो तांब्या आमच्या एकट्याचा राहिला नाही. आई पेंगायला लागली की कापगते बाई हात पुढं करायच्या. त्या जेवायला बसल्या की निमाई घ्यायचा. बाजूच्या खणातला एक सरदार मुद्दाम येऊन म्हणाला, थोडा वेळ माझ्याकडं द्या, माझ्या आईला मी काहीच पाजू शकलो नव्हतो. तोही पागोट्याचा भलामोठा माणूस तांब्या घेऊन ताठ बसून राहिला, लग्नातल्या करवलीसारखा. गाडी धावत होती, माणसं उतरत-चढत होती, आणि तो तांब्या एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जात होता. जवळजवळ सबंध महाराष्ट्र त्यानं असाच ओलांडला. मी आयुष्यभर गाडीनं हिंडलो होतो, पण गाडी म्हणजे काय असते हे त्या दिवशी बघितलं.

"हणमा, कुठं आलं?" आई दर स्टेशनला विचारायची.

मी पाटी वाचून सांगायचो. मूर्तिजापूर. बडनेरा. चांदूर. मला अक्षरं उशिरा आली, पस्तिशीला, आणि तीही अशाच पाट्यांवर. शाळेचं तोंड बघितलेलं नव्हतं. सेलमला जाता-येता खिडकीतनं पाट्या बघून एकेक अक्षर ओळखीचं झालं. त्यामुळं मला वाचायला पुस्तकापेक्षा पाटी सोपी वाटायची. आईलाही मी पाटी वाचली की गाव आल्यासारखं वाटायचं, न वाचता गेलं की चुकल्यासारखं.

धामणगाव गेल्यावर कापगते बाईंनी तांब्या उचलून खिडकीशी धरला. "पाहा आजी, वर्धा आली. केवढी फुगली माय!"

पूल लागला. गाडीचा आवाज बदलला, पोकळ झाला. खाली गढूळ पाणी दोन्ही काठ सोडून झाडांच्या कमरेपर्यंत गेलं होतं. आईनं एवढं पाणी कधी बघितलं नव्हतं. तिनं हात जोडले आणि मग तांब्यावरच्या फडक्याला हात लावून म्हणाली, "बघ बाई, तुझी थोरली भन." ती त्या करवंटीभर येरळेशी बोलत होती.

नागपूरला गाडी थांबली ती थांबलीच.

आधी कुणाला काही वाटलं नाही. मग माणसं फलाटावर उतरली, चहा झाला, पुन्हा चढली. मग भोंग्यावरनं सांगितलं, पुढं छत्तीसगडात फार पाऊस झालाय, रुळांवरून पाणी चाललंय, गाडी कधी सुटेल ते आत्ता सांगता येणार नाही. निमाई डोक्याला हात लावून बसला. कापगते बाईंना बसनं जाता येणार होतं, पण त्या सामान आवरेनात.

तेवढ्यात सर्जेरावाचा फोन आला.

"दादा, कुठं हायसा?"

"नागपूर. गाडी अडकलीया."

तो म्हणाला, "आई सकाळपासनं घोट घेत न्हाय. तोंडात पाणी घातलं तर कडंनं बाहीर येतंय. डाक्टर म्हनला, आजचा दिस. दादा, इमानानं या. मी हितनं तिकिटं काढतो. दुपारचं हाय एक. मावशीला आणा."

मी फोन ठेवला आणि आईकडं बघितलं. तिला सगळं ऐकू गेलं होतं. मला वाटलं, ती विमानाला नाही म्हणेल. ती जत्रेतल्या पाळण्यातही कधी बसली नव्हती. मी स्वतः विमान बघितलं होतं ते शेतातून, मान वर करून.

आई म्हणाली, "इमान भुईवरनं जातं का वरनं?"

"वरनं."

"मग काय वाईट हाय? समदंच भुईच्या वर. तांब्या खाली टेकायची भीतीच न्हाय."

कापगते बाई खदखदून हसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मग त्यांनीच सगळं हातात घेतलं. रिक्षा ठरवली, रिक्षावाल्याला दम दिला, मला मतदानाचं कार्ड वर काढून ठेवायला लावलं. निमाई दरवाज्यापर्यंत तांब्या घेऊन आला. आईच्या हातात द्यायच्या आधी त्यानं तो कपाळाला लावला. "दिदिमा, तू पोहोचशील," तो म्हणाला. "गाडी मला घेऊन मागून येते." त्याचा पत्ता आम्ही घेतला नाही. गाडीत असं होतं, माणूस एवढं जवळ येतं की पत्ता विचारायचं सुचतच नाही.

विमानतळावर माणसं पुष्कळ होती, पण कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. फरशी आरशासारखी. आई तिच्यावर अनवाणी चालल्यागत जपून चालत होती. पिशवी खिडकीवर घेतली, पट्ट्यावर टाकली, ती पडद्याआड गेली. मग एक रांग आली. रांगेच्या तोंडाला खाकी कपड्यातली माणसं, आणि एक पट्टा, ज्याच्यावर सगळे आपापलं सामान ठेवत होते.

"आजी, तांब्या ठेवा त्यावर," एक बाई म्हणाली. तिशीची असेल, तीही खाकीत. छातीवर पाटी होती, ती मी वाचली. मेंढे.

"पट्टा भुईला टेकलेला हाय का?" आईनं विचारलं.

"काय?"

मी पुढं होऊन सांगितलं. मेंढे बाईंनी ऐकून घेतलं, फडक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "पाणी आहे ह्यात?"

"व्हय."

"आजी, पाणी नाही नेता येत वो आत. कोणालेच नाही. आता हे इथंच सोडा, नाही तं पिऊन टाका."

"माझं न्हाय ते," आई म्हणाली. "मी कसं पिऊ?"

मागं रांग थांबली. कुणीतरी घड्याळ बघितलं. मी विचारलं, पिशवीत घालून पाठवता येईल का. मेंढे बाई म्हणाल्या, पिशवी गेली, आता खिडकी बंद झाली, आणि असं फडकं बांधलेलं भांडं तिथंही घेतलं नसतं. त्या वाईट बोलत नव्हत्या. उलट त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं.

"कलकत्त्याले चालले ना तुम्ही? तिथं तं गंगाच आहे."

"हाय. समदे हेच म्हनत्यात." आईनं तांब्या छातीशी धरला. "बाळ, माझी भन मराय टेकलीया. तिनं काय सोनं न्हाय मागितलं."

मला वाटलं, इथं संपलं. इतक्या मांड्यांवरून आलेलं पाणी इथं कुठल्यातरी बादलीत जाणार. मी आईला म्हणालो, "आई, आता राहू दे. तू पोचलीस म्हंजे झालं. तुला बघूनच मावशी—"

"मला बघून तिची तहान भागंल?"

मग आईनं मेंढे बाईंना विचारलं, "लुगडं न्यायला चालतंय?"

"अंगावरचं? चालते ना."

"वलं असलं तर?"

मेंढे बाईंनी तिच्याकडं बघितलं. थोडं उशिरा त्यांच्या लक्षात आलं. त्या हळू म्हणाल्या, "ओल्या लुगड्यावर काही नियम नाही."

"मग धर," असं म्हणून आईनं तांब्या त्यांच्या हातात दिला.

मी खांद्यावरचा टॉवेल पुढं केला. "ह्यो भिजव की. जाड हाय."

"बिडीचा वास मारतोय तुझा टॉवेल," आई म्हणाली.

तिनं सुतळी सोडली, फडकं काढलं. कमरेचा पदर सोडून तो दोन्ही हातांनी चुरगाळत तांब्यात घातला. मेंढे बाई खाकी कपड्यात, दोन्ही हातांनी तांब्या आईच्या छातीइतका उंच धरून उभ्या होत्या. नऊवारी लुगड्याचं सूत हळूहळू पाणी पीत गेलं. पदर वर काढला तेव्हा तो जड झाला होता. आईनं झटकन त्याचा बोळा करून मुठीत धरला आणि मूठ पोटाशी दाबली, एक थेंब फरशीवर पडू दिला नाही.

तांब्याच्या तळाशी थोडं राहिलं होतं.

"हे?" मेंढे बाई म्हणाल्या.

"तू पी. तहानलेल्याच्या पोटात गेलं तर भुईला गेलं न्हाय."

मेंढे बाईंनी इकडंतिकडं बघितलं. मग ओंजळ न करता सरळ तांब्याच तोंडाला लावला. प्यायल्या. रिकामा तांब्या त्यांनी स्वतः पट्ट्यावर ठेवला, पलीकडं जाऊन उचलला आणि माझ्या हातात दिला. मान फिरवून पुढच्या माणसाला म्हणाल्या, "चला, बॅग ठेवा."

विमानात आई खिडकीशी बसली, मी मधे, माझ्या पलीकडं एक कोट घातलेला तरुण माणूस. कानात बोंडं घालून डोळे मिटलेला.

"बाळ, कुणीकडचा?" आईनं वाकून त्याला विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही. आईला नवल वाटलं. तिनं पुढच्या बाकाकडं बघितलं, मागं बघितलं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, जो तो दुसऱ्याच्या पाठीकडं बघत बसलेला. "हितं समोरासमोर बसत न्हाईत व्हय?" ती म्हणाली. "मग वळख व्हायाची कशी?"

विमान पळायला लागलं तेव्हा तिनं डोळे मिटले. माझे हात बाकाच्या दांड्यावर चिकटले होते. आणि मग एका क्षणी खालची खडखड थांबली. खालून कुणीतरी सोडून दिल्यासारखं झालं. मी साठीला आलेला माणूस, पण माझ्या तोंडातून "आई गं" असंच निघालं.

"सुटलं का?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"बघ की."

तिनं बघितलं. नागपूर शहर हातात मावेल एवढं झालं होतं. मग शेतं, मग एक तलाव, आणि मग आम्ही ढगात शिरलो आणि वर निघालो. वर ऊन होतं. खाली एवढा पाऊस, माणसांच्या गाड्या अडलेल्या, आणि वर एवढं स्वच्छ ऊन नुसतं पडून होतं, कुणासाठी ते कळत नव्हतं.

ढग फाटले तेव्हा मला खालचा मुलूख दिसला. सगळीकडं पाणी. नद्या, ओढे, शेतं एक झालेली, आणि त्यावर ऊन पडून ते चमकत होतं. मुशीत चांदी वितळली की तिच्यावर एक थरथर येते, तशी त्या सबंध मुलखावर थरथर होती. मी आयुष्यभर ती थरथर वाटीएवढ्या जागेत बघितली होती. त्या पाण्यातनं काळ्या दोऱ्यासारखी एक रेघ चालली होती आणि मधेच बुडाली होती.

"रूळ हायत ते," मी म्हणालो.

"निमाई हितनंच यायचा." आई वाकून बघत राहिली. "हणमा, ही कुठली नदी?"

"म्हाईत न्हाय."

"पाटी वाच की."

"वर पाट्या नसतात, आई."

"मग ह्यांस्नी कसं कळतं, कुठं आलं ते?"

गाडीत मी दर गावाचं नाव तिला दिलं होतं. इथं एवढी मोठी नदी तिच्या डोळ्यांसमोरून नाव न सांगता निघून गेली.

आता गारठा जाणवायला लागला होता. डोक्यावरच्या भोकांतून गार वारा थेट अंगावर येत होता. आईचं लुगडं पोटाशी ओलं झालेलं, ती कुडकुडत होती. एक मुलगी पांघरूण घेऊन आली. मी ते आईच्या अंगावर घालायला गेलो, तर तिनं कोपरानं ढकललं.

"नगं. ते पानी पिऊन टाकंल."

"आगं, गारठशील."

"गारठू दे. वाळतंय का ते बघ."

मी मुठीशी हात नेला. बाहेरचं सूत कोरडं पडायला लागलं होतं. गाडीत उघड्या खिडकीतनं एवढा वारा यायचा, पण त्या वाऱ्यात ओल होती, चिखलाचा वास होता. हा वारा वेगळाच होता, हाडासारखा कोरडा. मी हातानं भोक झाकायला बघितलं, पण माझा हात पोहोचेना, मी पट्ट्यानं बांधलेला.

तेवढ्यात पलीकडच्या कोटवाल्यानं डोळे उघडले. त्यानं पट्टा सोडला आणि माझ्या अंगावरून हात लांब करून आईच्या डोक्यावरचं भोक फिरवून बंद केलं. मग माझ्यावरचं केलं. मग स्वतःवरचं. मग उठला आणि पुढच्या बाकावरच्यांना इंग्रजीत काहीतरी म्हणाला. त्यांनीही आपापली भोकं बंद केली. तो परत बसला.

"मी तुमच्या मागंच होतो रांगेत," तो मराठीत म्हणाला. एवढंच. त्यानं पुन्हा कानात बोंडं घातली. सबंध प्रवासात त्यानं आमचं गाव विचारलं नाही, आम्ही त्याचं विचारलं नाही. आई मात्र मला हळूच म्हणाली, "वळख लागलीच की रं."

कलकत्त्यात उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. सर्जेरावानं दुकानातला माणूस पाठवला होता. गाडीत बसल्या बसल्या आईनं सगळ्या काचा बंद करायला लावल्या. बाहेर दमट उकाडा, आत आम्ही भाजणीसारखे भाजत होतो. रस्त्यात बस, ट्राम, हातगाड्या, माणसं. आमची गाडी हातभर सरायची आणि थांबायची. दीड-दोन तासांत सगळा मुलूख ओलांडून आलो आणि आता एक चौक ओलांडेना. आई मुठीकडं बघत नव्हती. मीही नाही. मी एकदा विचारलं, "हाय का ओल?" ती म्हणाली, "इचारू नको."

सर्जेरावाचं घर दुकानावरच होतं. जिन्यात ॲसिडचा वास, आमच्या धंद्याचा. वर खोलीत माणसं गोळा झालेली. खाटेवर मावशी. मी तिला शेवटची बघितली तेव्हा ती अंगानं भरलेली बाई होती. आता चादरीखाली काहीच नव्हतं. डोळे अर्धे मिटलेले, ओठांना भेगा, श्वास मोजून घेतल्यासारखा.

"मावशी, पाणी आणलं?" सर्जेरावानं आईला विचारलं. तो माझ्या हातातल्या रिकाम्या तांब्याकडं बघत होता.

"आणलं," आई म्हणाली.

ती खाटेवर बसली, मावशीचं डोकं उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतलं आणि मूठ उघडली. बोटं सरळ होईनात, इतका वेळ ती आवळलेली होती. पदराचा बोळा चुरगाळून लहान झाला होता. आईनं तो मावशीच्या तोंडावर धरला आणि पिळला.

काही पडलं नाही.

तिनं दुसऱ्या बाजूनं पीळ घातला, दात-ओठ खाऊन. तिच्या मनगटाच्या शिरा वर आल्या. एक थेंब नाही.

सर्जेरावाची बायको गंगेच्या पाण्याची वाटी घेऊन पुढं झाली. "मावशी, ह्यात बुडवून घ्या. तेवढीच ओल तरी..."

आईनं मान हलवली. तिनं पदर सोडून चाचपला, अगदी आतला, बोळ्याच्या पोटातला भाग शोधून काढला, आणि ते टोक मावशीच्या ओठांत सरकवलं.

मावशी तशीच पडून होती. मी तिच्या गळ्याकडं बघत होतो. तिथं काहीच हालत नव्हतं. मग ओठ किंचित मिटले. मग गालाला खळगा पडला. पुन्हा पडला. सकाळपासून घोट न घेतलेली माझी मावशी तो पदर चोखत होती.

"चोख, केरे, चोख," आई म्हणाली. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. "आमची आई हिला पंधरा दिसांची टाकून मेली," ती आमच्याकडं न बघता म्हणाली. "घरात म्हस न्हाय, शेळी न्हाय. मी एवढीशी पोर. हिला कडंवर मारायची आन नदीत जायाची. झिऱ्यात परकराचा सोगा भिजवायची, हिच्या तोंडात द्यायची. कुणी बाई कवा अंगावर पाजायची, बाकी त्याच्यावर जगली ही. दुसरं काय हुतं?"

सर्जेराव भिंतीला टेकला. त्याला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. साठ वर्षं मी त्या बाईच्या पोटचा, आणि मला वाटत होतं, मी नुसतं पाणी घेऊन निघालोय.

मावशीचे डोळे उघडले. ते खोलीत कुणाकडं गेले नाहीत, सरळ वर, आईच्या तोंडाकडं गेले. तिनं जिभेनं टोक थोडं बाहेर सारलं.

"मचूळ हाय गं, आक्का," ती म्हणाली.

आई हसली. "मग! आपली येरळा कवा गोड हुती?"

मावशीच्या ओठांचा कोपरा हलला. मग तिनं टोक पुन्हा आत घेतलं आणि डोळे मिटले. आई वाकून बसून राहिली. पदर मावशीच्या तोंडात, त्यामुळं तिला सरळ होता येत नव्हतं, पण कुणी तिला सोडव म्हणालं नाही. खाली रस्त्यावर ट्रामची घंटा वाजत होती. खोलीत दिवा लावला. मी जवळ जाऊन बघितलं, तर पदराचं ते टोक ओलंचिंब झालं होतं, आणि ओल सुतासुतानं वर चढत आईच्या खांद्याकडं चालली होती.

केव्हातरी मावशीचे ओठ थांबले. आईनं पदर ओढून घेतला नाही.